खलिता कोणी फोडावा?

गेल्या दिवाळीच्या सुमारास मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, ज्याला सरकारी दप्तरात डॉक्टर भडकमकर मार्ग असे नाव आहे परंतु टॅक्सीवाल्याला ते सांगण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही, एक नवा सराउंड साउंड रिसीव्हर घरी आणला. आणि कपाटात बसवण्यापूर्वी त्याची पाठ एकवार न्याहाळावी म्हणून तो उलटा फिरवला, तेव्हा माझी अवस्था, बऱ्याच वर्षांनी आजोळच्या वाड्यात जावे आणि परसदाराची सारी दारे बुजवून तेथे एकाच मापाच्या चपट्या खिडक्यांची ओळ बसवलेली आढळावी, अशा माणसासारखी झाली. या खिडक्या म्हणजे एचडीएमआयचे सॉकेट. उलट, वीस वर्षांपूर्वी घेतलेला माझा डीव्हीडी प्लेअर पाहावा तर त्याच्या पाठीवर पिवळी, पांढरी, लाल, हिरवी, निळी, केशरी अशी गोल छिद्रांची जत्रा भरलेली, आणि एचडीएमआयचा मात्र पत्ता नाही. दुकानदाराने तर निघतानाच निकाल देऊन टाकला होता: "साहेब, तो आता भंगारात द्या." माझ्या भाच्याचेही मत तेच पडले. मात्र आरोपीची कैफियत ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा फर्मावणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून त्या दोन पाठी एकमेकींशेजारी ठेवून मी जो विचार केला, तो ज्यांच्या घरी असाच एखादा जुना प्लेअर धूळ खात पडला असेल, त्यांच्यापुढे ठेवतो.

मूळ गोष्ट अशी की, तबकडीवर नाद नसतो; तेथे असतात केवळ आकडे. हॉलंडची फिलिप्स आणि जपानची सोनी यांनी मिळून सिद्ध केलेली आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानच्या बाजारात उतरलेली ती बारा सेंटिमीटर व्यासाची कॉम्पॅक्ट डिस्क दर सेकंदाला डाव्या व उजव्या बाजूची प्रत्येकी ४४,१०० मोजमापे पुरवते, आणि प्रत्येक मोजमाप सोळा बिटांचे असते. म्हणजे क्षणोक्षणी चौदा लाखांहून अधिक शून्ये व एकम् तिच्यावरून वाहत असतात. स्पीकरला मात्र आकडेमोडीचे ज्ञान शून्य. त्याला कळतो तो विजेच्या दाबाचा चढउतार. तेव्हा तबकडी आणि स्पीकर यांच्या दरम्यान कोठे तरी, कोणी तरी, या आकड्यांचा खलिता फोडून त्यातील मजकूर विजेच्या भाषेत वाचून दाखवलाच पाहिजे. हे काम प्लेअरने करावे की रिसीव्हरने, हा एकच प्रश्न नीट ध्यानात धरला, तर पाठीवरच्या साऱ्या रंगीबेरंगी छिद्रांचा उलगडा आपोआप होत जातो.

लाल व पांढरी ही जोडी घ्या. येथे खलिता प्लेअरच फोडतो आणि सुमारे दोन व्होल्टपर्यंतचा तयार ध्वनिसंकेत दोन तारांवाटे पुढे पाठवतो. ही छिद्रे आजच्या बहुतेक रिसीव्हरवर अद्याप शाबूत आहेत, आणि केवळ गाणी ऐकायची असतील तर याहून सरळ मार्ग नाही. नवा रिसीव्हर मात्र स्वभावाने चिकित्सक. आलेला तो संकेत तो पुन्हा आकड्यांत उतरवतो, खोलीच्या आकारमानाप्रमाणे त्यात दुरुस्त्या करतो, खर्जाचा भाग सबवूफरच्या हवाली करतो, आणि मग पुन्हा विजेत रूपांतर करून स्पीकरला देतो. म्हणजे संस्कृत नाटकाचे मराठी करावे, त्या मराठीचे पुन्हा संस्कृत करावे आणि प्रेक्षकांसाठी त्याचे आणखी एकदा मराठी करावे, असा हा व्यवहार झाला. त्यात अर्थहानी होते हे तत्त्वतः खरे. परंतु ती आपल्यासारख्याच्या दिवाणखान्यात, पंखा फिरत असताना व खाली भाजीवाला ओरडत असताना ऐकू येते असे म्हणणाऱ्याच्या कानांना मी नमस्कार करतो आणि पुढे जातो. ज्याला तेवढेही खपत नसेल त्याने रिसीव्हरवरील 'डायरेक्ट' नावाचे बटण दाबावे. मग ही बहुतेक उठाठेव टळते. मात्र 'फोनो' असे लिहिलेल्या जोडीत प्लेअरची पिन कदापि खोवू नये. ती जागा जुन्या ग्रामोफोनच्या सुईतून येणाऱ्या, हजारांश व्होल्टांत मोजल्या जाणाऱ्या क्षीण संकेतासाठी राखून ठेवलेली आहे. तेथे दोन व्होल्ट घातले तर गाण्याऐवजी नुसता कर्कश गोंगाट कानी पडेल.

आता केशरी छिद्राकडे आणि त्याच्या शेजारच्या, छोट्या झडपेमागे तांबडा प्रकाश मिणमिणणाऱ्या चौकोनाकडे येऊ. हे दोघे जुळे भाऊ. सोनी व फिलिप्स यांच्या नावांची आद्याक्षरे एकत्र गुंफून या पद्धतीला एस-पीडीआयएफ असे नाव मिळाले. एक भाऊ तोच मजकूर पंचाहत्तर ओहमच्या तांब्याच्या तारेतून पाठवतो, त्याला कोॲक्सिअल म्हणतात. दुसरा तो प्रकाशाच्या रूपाने एका पारदर्शक तंतूतून पाठवतो, त्याला ऑप्टिकल म्हणतात, आणि ही दुसरी युक्ती तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये काढली. दोघांत श्रेष्ठ कोण यावर हौशी मंडळींमध्ये हमरीतुमरीवर येईपर्यंत वाद झडतात. पण दोघेही तेच आकडे, त्याच क्रमाने पोचवतात, आणि रिसीव्हरवर ज्याची जागा मोकळी असेल तो उत्तम, एवढाच माझा त्यावर निवाडा आहे. तुमच्या प्लेअरवर एकच भाऊ असेल आणि रिसीव्हरवर नेमका दुसरा, तर एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणारी काड्यापेटीएवढी डबी त्याच लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. केशरी छिद्रासाठी वेगळी वायर विकत घेण्याचेही सहसा कारण नाही. टीव्हीबरोबर आलेली आणि अडगळीत पडलेली ती पिवळ्या पिनांची वायर पंचाहत्तर ओहमचीच असते आणि हे काम इमानेइतबारे करते.

मात्र या दोन्ही वाटा अरुंद आहेत. दोन चॅनलांचे उघडे आकडे वाहून नेण्यापुरतीच त्यांची घडण. आणि १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये अवतरलेल्या डीव्हीडीवर तर समोरचे तीन, मागचे दोन आणि केवळ गडगडाटासाठी एक, असे सहा चॅनल असू शकतात. त्यांचे उघडे आकडे धाडायचे म्हटले तर सेकंदाला सेहेचाळीस लाख बिटे होतात, म्हणजे बैलगाडीच्या वाटेवर आगगाडी आणण्यापैकीच प्रकार. म्हणून डॉल्बी डिजिटल ही पद्धत, कानाला तसेही जाणवणार नाहीत असे तपशील गाळून, तो सारा मजकूर डीव्हीडीवर जास्तीत जास्त ४,४८,००० बिटांत, म्हणजे सुमारे दहाव्या हिश्शात, घड्या घालून बसवते. हा झाला मोहोरबंद खलिता. तो जसाच्या तसा त्या अरुंद वाटेने जाऊ शकतो. अट एवढीच की प्लेअरने तो वाटेत फोडता कामा नये. फोडला की सहा पाने बाहेर पडतात, पुढे न्यायला दोनच पानांची जागा असते, आणि मग प्लेअर सहांचा मजकूर दोनांत दाटीवाटीने लिहून पाठवतो.

माझ्या घरी नेमके हेच झाले. वायर खोवली, चित्रपट लावला, आणि सहा स्पीकरांपैकी चार मौनव्रत धरून बसलेले. भाचा म्हणाला, "मामा, मी म्हटलं नव्हतं? हा प्लेअर गेलेला आहे." प्लेअर बिचारा निर्दोष होता, कसूर होती त्याच्या मेन्यूत. बहुतेक स्वस्त प्लेअरांच्या ऑडिओ सेटअपमध्ये तीन पर्याय असतात: एसपीडीआयएफ ऑफ, एसपीडीआयएफ रॉ आणि एसपीडीआयएफ पीसीएम. जपानी कंपन्या दुसऱ्याला 'बिटस्ट्रीम' असे भारदस्त नाव देतात. पीसीएम म्हणजे खलिता प्लेअरनेच फोडावा असा हुकूम. रॉ किंवा बिटस्ट्रीम म्हणजे मोहोर न तोडता तो पुढे रुजू करावा असा हुकूम. माझा प्लेअर वर्षानुवर्षे दोन स्पीकरांच्या टीव्हीला जोडलेला असल्यामुळे पहिल्या हुकुमाची ताबेदारी करत होता. तो पालटताच रिसीव्हरच्या काचेवर 'डॉल्बी डिजिटल' ही अक्षरे उमटली आणि पाठीमागून पावसाचा आवाज येऊ लागला. वास्तविक, जुना प्लेअर सराउंड देत नाही म्हणून जितके लोक नवा विकत घेतात, त्यांतील बहुतेकांचे काम या एका ओळीने भागले असते, असे मला आता वाटते.

याखेरीज दोन अगदी क्षुल्लक पण छळवादी गोष्टी आहेत. ऑप्टिकल वायरीच्या टोकांवर धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकची बारीक टोपणे घातलेली असतात. ती न काढता वायर जोराने आत घुसवण्याचा पराक्रम आमच्या घरी झालेला आहे, आणि तो कोणी केला हे सांगून मी नात्यात वितुष्ट आणू इच्छित नाही. दुसरी अशी की, नव्या रिसीव्हरवरचा ऑप्टिकल सॉकेट पुष्कळदा कारखान्यातूनच टीव्हीच्या नावे बांधून दिलेला असतो. रिमोटवर 'डीव्हीडी' दाबून तुम्ही बसाल आणि आवाज दाराबाहेर तिष्ठत राहील. रिसीव्हरच्या 'इनपुट असाइन' या पानावर जाऊन तो सॉकेट डीव्हीडीच्या नावे चढवावा लागतो, सातबाऱ्यावर नाव चढवतात तसा; फरक एवढाच की येथे तलाठ्याची गाठ घ्यावी लागत नाही.

डॉल्बी हे नाव आता चित्रपटगृहाच्या तिकिटापासून मोबाइलपर्यंत सर्वत्र झळकत असल्यामुळे ते एका मनुष्याचे आडनाव आहे हे आपण विसरूनच गेलो आहोत. रे डॉल्बी हे अमेरिकेत जन्मलेले, केंब्रिजमध्ये पदार्थविज्ञानाची डॉक्टरेट मिळवलेले अभियंते १९६३ पासून दोन वर्षे संयुक्त राष्ट्रसंघाचे सल्लागार म्हणून आपल्या भारतात वास्तव्यास होते, आणि येथून परतल्यावर लगेच, १९६५ मध्ये, त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा स्थापन केली. प्रतिस्पर्धी डीटीएसचा जन्म तर आपल्या विषयाशी अधिकच निगडित आहे. १९९३ च्या 'जुरासिक पार्क' या चित्रपटाचा सहा चॅनलांचा ध्वनी फिल्मवर नव्हताच, तो निराळ्या तबकड्यांवर होता आणि फिल्मच्या कडेला छापलेल्या कालखुणांच्या आधारे प्रक्षेपण-खोलीतील तबकडी-यंत्र पडद्यावरच्या डायनोसॉरशी पाऊल जुळवून चालत असे. तबकडीचे यंत्र सराउंड स्पीकरांना जोडण्याची जी खटपट आपण घरात करतो, ती थिएटरांनी त्या वर्षी पडद्यामागे करून दाखवली. पुढे याच पद्धतीने संगीताच्या काही सीडीही निघाल्या. अशी सीडी साध्या लाल-पांढऱ्या तारांवरून ऐकली तर गाणे मुळीच येत नाही, मुसळधार पावसासारखी एकसुरी फसफस येते; फोडायचा खलिता न फोडताच वाचायला घेतला तर काय होते याचा एवढा ढळढळीत दाखला दुसरा नसेल. तीच तबकडी केशरी वाटेने धाडली की सहाही स्पीकर गाऊ लागतात.

येथवर सारे सुरळीत होते. आता या इतिहासातील जकातनाका येतो. १९९९ मध्ये सोनी व फिलिप्स यांनी सुपर ऑडिओ सीडी काढली, जी सेकंदाला २८ लाखांहून अधिक वेळा एकेका बिटाने नादाची नोंद घेते, आणि पाठोपाठ २००० साली तिची प्रतिस्पर्धी डीव्हीडी-ऑडिओ आली. ध्वनीचा दर्जा इतका उत्तम की कंपन्यांनाच धास्ती वाटू लागली; एवढे निर्मळ आकडे तारेतून उघड्यावर फिरू दिले तर घरोघरी त्यांच्या हुबेहूब नकला होतील, या भयाने त्यांनी ते आकडे केशरी किंवा ऑप्टिकल वाटेने बाहेर सोडण्यास मज्जाव केला. परिणामी खलिता प्लेअरनेच फोडला पाहिजे असे ठरले, आणि सहा चॅनलांसाठी सहा स्वतंत्र तारा प्लेअरच्या पाठीतून बाहेर पडल्या. त्या काळच्या रिसीव्हरांवर त्यांच्या स्वागतासाठी 'मल्टी चॅनल इन' नावाची सहा छिद्रे असत. आज एखादे अतिमहाग मॉडेल वगळता ती नाहीशी झाली आहेत, आणि जुन्या प्लेअरांच्या मालकांची खरी अडचण काय ती हीच आहे.

ही अडचण पुष्कळांना कळतच नाही, कारण ती फसवी आहे. सुपर ऑडिओ सीडी बहुधा दुपदरी असते; वरच्या सूक्ष्म पदराखाली साधी सीडीही असते. गृहस्थ तबकडी लावतो, केशरी वायर जोडतो, उत्तम गाणे ऐकू येते, आणि तो तृप्त होतो. प्रत्यक्षात त्याच्या कानी पडत असतो तो खालचा, १९८२ चा पदर. मग उपाय कोणता? माझ्या मते तीन आहेत, आणि तीनही सारख्या योग्यतेचे नाहीत. मनापासून हौस असेल तर हे दोन्ही प्रकार वाजवणारा, पण एचडीएमआय असलेला प्लेअर जुन्या बाजारात शोधावा. कारण २००४ च्या एचडीएमआय १.१ ने डीव्हीडी-ऑडिओला आणि २००५ च्या १.२ ने सुपर ऑडिओ सीडीला त्या तारेतून जाण्याचा परवाना दिला, तोही अर्थात तारेच्या दोन्ही टोकांना नकलेविरुद्ध पहारेकरी बसवून. सोनीच्या प्लेस्टेशन ३ च्या आरंभीच्या आवृत्त्याही सुपर ऑडिओ सीडी वाजवीत, ही गोष्ट घरातील मुलांच्या जुन्या खोक्यांत हात घालण्याइतकी मोलाची आहे. दुसरा उपाय म्हणजे तबकडीवरचा दोन चॅनलांचा भाग निवडून तो लाल-पांढऱ्या जोडीने ऐकणे. यात सराउंड जाते, पण ध्वनीचा कस बराचसा राहतो, आणि संगीतासाठी मी स्वतः हेच पसंत करतो. तिसरा, मल्टी चॅनल इन असलेला एखादा जुना रिसीव्हर स्वस्तात मिळवून केवळ संगीतासाठी ठेवणे. माझ्या आतल्या खोलीत असा एक आहे. यात स्पीकर लहान की मोठे आणि किती अंतरावर, हा बंदोबस्त रिसीव्हरमध्ये नव्हे तर प्लेअरच्या मेन्यूत करावा लागतो, कारण खलिता जो फोडतो त्यानेच पाने वाटायची असतात, आणि सहा तारांवरून आलेल्या मजकुरात रिसीव्हर सहसा हात घालत नाही.

चित्राबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पिवळी वायर किंवा हिरवी-निळी-लाल अशी कंपोनंटची तिकडी टीव्हीवर जागा असेल तर थेट टीव्हीलाच द्यावी आणि रिसीव्हरला केवळ आवाज द्यावा. मात्र नवा टीव्ही जुन्या चित्रावर संस्कार करण्यात थोडा वेळ घालवतो, म्हणून आवाज पुढे आणि ओठ मागे असे होते; रिसीव्हरमधील 'लिप सिंक'चे मिलिसेकंद हळूहळू वाढवत दोघांना एका रेषेत आणावे. ज्यांच्या मधल्या पिढीच्या प्लेअरला एचडीएमआय आहे, त्यांनी ती एकच वायर रिसीव्हरला द्यावी आणि हा लेख येथेच मिटवला तरी चालेल.

व्हीसीडीचा उल्लेख टाळून मराठी घरातील तबकड्यांविषयी लिहिणे मात्र अन्यायाचे ठरेल. कारण नाटके आणि जुने चित्रपट आपल्याकडे पुष्कळ काळ याच स्वस्त तबकडीवर आले. तिच्यावर चित्राच्या २८८ च ओळी आणि ध्वनीचे दोनच चॅनल असतात, त्यामुळे पाच दिशांनी नाटक ऐकू येईल अशी आशा धरणे व्यर्थ आहे. रिसीव्हर आपल्या कल्पनेने दोहोंचे पाच करून दाखवतो खरा, आणि त्यात एक लाभही आहे: पात्रांचे संवाद मधल्या स्पीकरकडे ओढले जातात व अधिक स्वच्छ उमटतात. परंतु प्रेक्षकांचा हशा पाठीमागून येऊ लागला की मी तो प्रकार बंद करतो.

लेझरडिस्कचे नाव आपल्याकडे थोड्यांनाच ठाऊक असेल. अमेरिकेत १९७८ मध्ये आलेल्या त्या ग्रामोफोनच्या तबकडीएवढ्या चकत्यांवर पुढे डॉल्बीचा खलिता रेडिओलहरीच्या वेषात लपवलेला असे, आणि तो वेष उतरवणारे स्वतंत्र यंत्र जोडल्यावाचून आजचा कोणताही रिसीव्हर त्याला ओळखत नाही. ज्यांच्याकडे ते यंत्र आहे त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही.

सारे जोडून झाल्यावर स्पीकरमधून भुंग्यासारखी गुणगुण येऊ लागली, तर प्लेअर बिघडला असा तर्क करू नये. दोन यंत्रे निरनिराळ्या बोर्डांवर असली आणि केबल टीव्हीची तार त्यांत मिसळली की जमिनीच्या जोडण्यांतून वीज घिरट्या घालू लागते. सर्व यंत्रे एकाच बोर्डावर आणावीत, आणि तरीही गुणगुण राहिली तर ऑप्टिकल वायर वापरावी, कारण तिच्यात धातूच नसल्यामुळे त्या घिरट्यांना त्या वाटेने जाताच येत नाही. कित्येक कारागीर अशा वेळी तीन पिनांच्या प्लगाची जमिनीची पिन कापून टाकतात. गुणगुण थांबते हे खरे, पण यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर ती तुमच्या हातातून जमिनीत जाईल. असे कोणी करू लागल्यास त्याला चहा पाजून परत पाठवावे.

भंगारवाला प्लेअर वजनावर घेतो. त्याला पाठीवरची छिद्रे मोजण्याचे कारण पडत नाही. त्याच्या काट्यावर चढवण्यापूर्वी आपण मात्र ती एकदा मोजावीत. केशरी छिद्र किंवा तांबडा उजेड दिसला तर मेन्यूतला हुकूम पालटून त्याला आणखी एक संधी द्यावी. आणि पाठीवर सहा तारांची सोय व पुढल्या बाजूस सुपर ऑडिओ सीडीची खूण दिसली, शिवाय तो देऊनच टाकायचा असा तुमचा निश्चय असला, तर निदान भंगारवाल्याच्या आधी मला कळवावे.